‘बिघाड’साठी एक अक्कलदाढ

काटेसाहेबांचं खरं आडनाव काटे नव्हतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि दुकानात शिरल्यावर दुकानदाराकडे न बघता आधी त्याच्या काट्याकडे बघायचे, म्हणून बाजाराने त्यांना हे नाव दिलं. बाजारातून ते ऑफिसात आलं, ऑफिसातून इमारतीत शिरलं, आणि एकदा बायकोनेही वैतागून ‘अहो काटेसाहेब’ अशी हाक मारली तेव्हा त्यांनी विरोध सोडून दिला. माणूस तरी किती ठिकाणी लढणार?

आयुष्यभर दुसऱ्यांचं माप तपासणाऱ्या माणसाचं एक असतं, की त्याला कुठेही गेलं तरी चैन पडत नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी काटेसाहेबांची नजर वाढप्याच्या डावाकडे. बिस्किटाचा पुडा आणला की आधी निव्वळ वजन वाचायचं, मग पुडा फोडायचा. घरात कोणी ‘थोडं मीठ घाल’ म्हणालं की त्यांना आत कुठेतरी टोचायचं. थोडं म्हणजे किती, हे सांगायला जग कधीच तयार नसतं. या एका गोष्टीने ते फार दमले होते.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. रविवारी दुपारी तिचा फोन यायचा, आणि तो अर्थातच आईला यायचा. मायलेकी बोलायला लागल्या की घरमालकिणीची मांजर, ऑफिसातली रुसलेली मैत्रीण, गळका नळ आणि तो दुरुस्त करायला येऊन आणखी गळका करून गेलेला प्लंबर, असं एकेकाचं साग्रसंगीत पुराण निघायचं. काटेसाहेब शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचे. पेपर वाचत नसत, पान मात्र वेळोवेळी उलटत. शेवटी बायको म्हणायची, “थांब हं, बाबांना देते.”

“हॅलो.”

“हं बाबा. जेवलात?”

“हो. तू?”

“हो.”

“तब्येत बरी?”

“बरी. तुमची?”

“बरी. आईला देऊ?”

“द्या.”

दर आठवड्याला हेच, ना एक शब्द कमी ना एक शब्द जास्त. खात्याचा शिक्का मारून बाजारात प्रमाण संभाषण म्हणून ठेवावं इतकं नेमकं. काटेसाहेबांना त्याचं वाईट वाटायचं. ही मुलगी त्यांचीही होती आणि त्यांना ती फार आवडायची. पण गळक्या नळाबद्दल तिच्याशी कसं बोलायचं हे त्यांना कधी जमलं नाही. नळ गळत असेल तर वॉशर बदलावा. पुढे बोलायला काय उरतं?

एका रविवारी मात्र ‘द्या’ म्हणायच्या ऐवजी मुलगी म्हणाली, “आणि आईला सांगा, पुढच्या महिन्यात एका शनिवारी मी घरी नसेन. इथे ‘बिघाड’चा शेवटचा कार्यक्रम आहे. रॉक बँड आहे एक, तुम्हाला नाही माहीत.”

‘तुम्हाला नाही माहीत’ हे काटेसाहेबांनी आयुष्यात पुष्कळांकडून ऐकलं होतं. वरिष्ठांकडून ऐकलं, ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरकडून ऐकलं, बायकोकडून तर ऐकतच होते. त्या दिवशी मात्र ते लागलं.

“का? माहीत आहे की,” ते म्हणाले.

“तुम्ही ‘बिघाड’ ऐकता?”

“ऐकतो म्हणजे, अधूनमधून.”

“बाबा!” मुलगी म्हणाली. या एका शब्दात इतका आनंद होता की काटेसाहेबांनी पेपर खाली ठेवला. “अहो मग या ना इकडे! माझ्याकडे दोन तिकिटं आहेत, मैत्रीण येत नाहीये. याल? आपण दोघंच जाऊ. तुमचं आवडतं गाणं कुठलं?”

“आईला देतो,” काटेसाहेब म्हणाले.

आता हाती महिना होता. एवढ्या अवधीत बँड पैदा करून, ऐकून, समजून, अधूनमधून ऐकत असल्यासारखं दिसायचं होतं. काटेसाहेब आयुष्यात खोटं मोजकंच बोलले होते, आणि बोलले की असंच गळ्याशी यायचं.

बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. “कशाला पण? सरळ सांगायचं ना, माहीत नाही म्हणून.”

“सांगणार होतो. पण ती खूश झाली.”

बायकोने एकदा वर पाहिलं आणि ती पुन्हा भाजीकडे वळली.

बँडचा एकच अल्बम होता, ‘सुट्टे भाग’ नावाचा. नऊ गाणी. तो मिळवणं सोपं गेलं, ऐकणं कठीण. पहिल्या गाण्यात एक माणूस जिन्यावरून पेट्या ढकलत असावा आणि दुसरा त्याला थांबवायला ओरडत असावा, असं काहीतरी होतं. काटेसाहेबांनी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांना पेट्या थोड्या व्यवस्थित ढकलल्यासारख्या वाटल्या.

इमारतीत गोष्ट लपत नाही. तळमजल्यावरच्या मोठ्या बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, स्वतःहून वर आल्या. त्यांचं मत असं की कुठलंही गाणं आधी शब्दांनी पक्कं करावं. “पाठ म्हणून दाखवा.” काटेसाहेबांनी हात मागे बांधून उभं राहून ‘गंज’ हे गाणं म्हणून दाखवलं. ‘गंज चढतो, चढू दे, चढू दे, चढू दे’ असं त्याचं ध्रुवपद. “चढू दे किती वेळा?” बाईंनी विचारलं. “तीनदा.” “आत्ता तुम्ही दोनदाच म्हणालात.” पन्नाशी उलटलेल्या सरकारी माणसाला स्वतःच्या दिवाणखान्यात गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागावं, हे दृश्य बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. ती हसली नाही. तेवढं तिचं चांगलं होतं.

शेवटी काटेसाहेबांनी आपल्या पद्धतीने अभ्यास केला. खात्याचं थांबघड्याळ घेतलं आणि नऊच्या नऊ गाणी मोजली. पुढच्या रविवारी तयारीनिशी फोन घेतला.

“‘गंज’ चांगलं आहे,” ते म्हणाले. “चार मिनिटं दहा सेकंद.”

मुलगी खो खो हसली. किती दिवसांनी हसली ती त्यांच्याशी बोलताना. “ते अल्बमवर हो! अल्बम कोण ऐकतं? ‘बिघाड’ म्हणजे लाइव्ह. लाइव्ह ऐकलंत ना?”

“हो तर.”

“तळ्याकाठचं ऐकलंय?”

“ऐकलंय.”

“मग सांगा, त्यात ‘गंज’ला काय होतं?”

काटेसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. बायकोने हात पुढे केलाच होता. “आईला देतो,” ते म्हणाले.

हे लाइव्ह प्रकरण काय असतं ते त्यांना बायकोने सांगितलं, आणि तिला ते दातांच्या डॉक्टरांमुळे ठाऊक होतं. हे डॉक्टर समोरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर बसायचे. त्यांच्या दवाखान्यातून सतत ढणढणाट ऐकू यायचा आणि नवे पेशंट जिन्यातूनच परत जायचे. बायकोची कवळी तिथलीच. “त्यांच्याकडे पेट्याच्या पेट्या भरल्यात त्याच बँडच्या,” ती म्हणाली. “माझं माप घेताना त्यांनी एक अख्खा कार्यक्रम ऐकवला होता. तोंडात मेण होतं, नको म्हणता येईना.”

काटेसाहेब गेले. डॉक्टर त्यांच्याच वयाचे, टकले, कानात मात्र तरुणपणाची बाळी. पेट्या खऱ्याच होत्या. ‘बिघाड’च्या कार्यक्रमांना लोक पिशवीत, कोटात, एकाने तर शिरस्त्राणात लपवून टेपरेकॉर्डर नेले होते, आणि ती रेकॉर्डिंगं हातोहात फिरत डॉक्टरांकडे जमली होती.

“दोन दिवस घरी नेतो,” काटेसाहेब म्हणाले.

“नेता येणार नाही. एकाला दिलं होतं, त्याच्या बायकोने त्यावर शिवणकामाचा कार्यक्रम रेकॉर्ड केला. ऐकायचं तर इथे.”

“बरं, मग इथे बसतो.”

“कुठे बसता? बाकावर पेशंट आहेत, इथे ही एकच खुर्ची.” डॉक्टरांनी विचार केला. “आ करा बघू.”

काटेसाहेबांनी आ केला. कोणाच्याही तोंडात बघितलं तर काही ना काही सापडतंच. हे तत्त्व काटेसाहेबांना चांगलं ठाऊक होतं, त्यांचं स्वतःचं खातं त्याच्यावरच चालायचं.

अशा रीतीने त्यांचं शिक्षण सुरू झालं. पहिल्या दिवशी दात साफ केले आणि एका गिरणीच्या मैदानावरचा कार्यक्रम ऐकवला. दुसऱ्या खेपेला दाढेत सिमेंट भरलं आणि एका कॉलेजातला ऐकवला. डॉक्टर हातात ड्रिल घेऊन समजावून सांगायचे आणि महत्त्वाची जागा आली की ड्रिल थांबवून वर धरायचे. काटेसाहेबांनी मनोमन सगळ्या जागा महत्त्वाच्या असाव्यात अशी प्रार्थना केली.

पण जे ऐकलं त्याने ते हादरले. गिरणीच्या मैदानावर ‘गंज’ बारा मिनिटं चाललं. कॉलेजात एकोणीस. मध्येच गायकाने गाणं थांबवून आपली छत्री बसमध्ये राहिली ती हकिकत सांगितली, आणि तिसरं कडवं छत्रीवरच म्हटलं. ड्रम वाजवणाऱ्याने तर घरी जायचंच नाही असं ठरवल्यासारखं वाजवलं. मध्ये खोकले, शिंका, कोणीतरी ‘अहो, डोकं खाली घ्या’ म्हणतंय, हे सगळं.

“पाकिटावर चार मिनिटं दहा सेकंद आहे,” तोंडातला बोळा निघाल्यावर काटेसाहेब म्हणाले. “आणि आत एकोणीस मिनिटं. हे कसं चालतं?”

“दर वेळी काय होतं तेच तर बघायचं असतं,” डॉक्टर म्हणाले. “चूळ भरा.”

तिसऱ्या खेपेला रूट कॅनल झालं. त्या धैर्याबद्दल डॉक्टरांनी कॉलेजच्या कार्यक्रमाची एक प्रत करून दिली, अभ्यासाला. आणि इथे खरा घोटाळा झाला.

काटेसाहेबांनी ती घरी लावली. इमारतीच्या सेक्रेटरींचं घर बरोबर खाली होतं. सेक्रेटरी हा लेखी माणूस. वरून धडधड आली तर वर येऊन विचारावं, असं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी कान देऊन ऐकलं, जमीन फोडताहेत असा निष्कर्ष काढला आणि थेट पालिकेला कळवलं. पालिका म्हणजे रस्त्यातला खड्डा तीन वर्षं बघत बसणारी संस्था. ती नेमकी या वेळी दुसऱ्याच दिवशी आली.

दारात बांधकाम निरीक्षक उभे होते. चेहऱ्यावर असा थकवा की काटेसाहेबांना आरशात बघितल्यासारखं झालं.

“अनधिकृत तोडफोड चालू आहे.”

“नाही हो. ड्रमचा आवाज होता. गाण्यातला.”

“ड्रम कुठे आहे?”

“टेपमध्ये.”

“असं सगळेच म्हणतात,” निरीक्षक म्हणाले, जरी ते आजवर कोणी म्हटलेलं असणं शक्य नव्हतं. त्यांनी भिंतींवर बोटं वाजवली, न्हाणीघरात डोकावले, पलंगाखाली वाकून पाहिलं.

“मीसुद्धा निरीक्षकच आहे,” काटेसाहेब म्हणाले. आवाजात शक्य तेवढा मान राखून.

“मग तुम्हाला समजेल. प्रत्यक्ष पडताळणी करावी लागते.”

समजलं. काटेसाहेबांनी स्वतः हे वाक्य इतक्या दुकानदारांना ऐकवलं होतं की ऐकताना अंगावर काटा आला. त्यांनी टेप लावली. दोन निरीक्षक सोफ्याच्या दोन टोकांना बसले. बायकोने चहा आणून ठेवला. ड्रम सुरू झाला, चालला, चालतच राहिला. पालिकेचे निरीक्षक आधी घड्याळाकडे बघत होते. मग छताकडे. मग त्यांचं एक बोट बशीवर हळूच पडायला लागलं.

“हे थांबतं कुठे?” त्यांनी मध्येच विचारलं.

“थांबतंय असं वाटतं तिथे थांबत नाही.”

संपल्यावर ते उठले. शेरा लिहिला, ‘काम चालू नाही. आवाज चालू आहे.’ दारात जाऊन चपला घालता घालता वळले. “तो छत्रीचा भाग पुन्हा एकदा लावता का? पडताळणी पूर्ण झाली म्हणजे बरं.”

सेक्रेटरींनी त्यानंतर काटेसाहेबांशी बोलणं बंद केलं. तक्रार करणारा माणूसच रुसला, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली तो त्याची समजूत काढत फिरला. हे का, ते विचारू नका. इमारतींमध्ये असंच असतं.

या सगळ्याचा परिणाम कामावर झाला. एके दिवशी पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप भरताना काटेसाहेब मनातल्या मनात ड्रम वाजवत होते आणि मापाच्या रेषेच्या वर किंचित जास्त पेट्रोल आलं. पंपावरच्या माणसाने घाबरून विचारलं, “साहेब, जास्त पडलं. काय लागेल?”

काटेसाहेब विचारात पडले. कमी दिलं तर काय होतं ते त्यांना तोंडपाठ होतं. जास्त दिलं तर? एवढ्या नोकरीत जास्त दिल्याबद्दल त्यांनी कोणाला पकडलं नव्हतं, कारण त्यांच्या बाजाराने ती वेळच येऊ दिली नव्हती. “जास्तीला गुन्हा नाही,” ते सावकाश म्हणाले, “दुरुस्त करून घ्या तेवढं.” आणि मापाकडे बराच वेळ बघत राहिले. पंपावरचा माणूस त्यामुळे आणखी घाबरला.

राहिलं होतं तळ्याकाठचं रेकॉर्डिंग. मुलीने विचारलेलं तेच, आणि डॉक्टर ते देत नव्हते. “ते असं तसं नाही ऐकायचं. त्याला मोठी सिटिंग पाहिजे.”

“आता काय राहिलंय माझ्या तोंडात?”

“अक्कलदाढ आहे. आडवी आलीय. कधी ना कधी काढावीच लागेल.”

बायको म्हणाली, “काढून टाका. नाहीतरी तिचा काही उपयोग केलेला मी पाहिलेला नाही.”

कार्यक्रम शनिवारी होता, दाढ गुरुवारी काढायची ठरली. दोन दिवसांत बरी होईल असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर बँडबद्दल बोलायचे ते सगळं खरं असायचं, दातांबद्दल तेवढी खात्री देता येत नव्हती.

इंजेक्शन दिलं, गाल बधिर झाला, टेप सुरू झाली. तळ्याकाठी वारा होता, तो ऐकू येत होता. जवळ कुठेतरी एक म्हातारा कोणाला तरी सांगत होता की आपण फक्त पुतणीला न्यायला आलोय. ‘गंज’ सुरू झालं आणि पहिल्याच कडव्यात वीज गेली. गिटार गेली, माइक गेला, गायक गेला. उरला नुसता ड्रम. लोक ओरडतील असं काटेसाहेबांना वाटलं. लोक ओरडले नाहीत. कोणीतरी गुणगुणायला लागलं, मग शेजारच्याने धरलं, मग ते मागे मागे पसरत गेलं, आणि अंधारात बसलेली ती सगळी माणसं न गाता, नुसती गुणगुणत ते गाणं धरून राहिली. ‘चढू दे’ तीनदा आहे का दोनदा, याची कोणाला पर्वा नव्हती. पुतणीला न्यायला आलेला म्हाताराही त्यात होता, त्याचा बेसूर आवाज सगळ्यात जवळ होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग वीज आली, आणि गायकाने पुढची ओळ अशी उचलली की जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

काटेसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“दुखतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

त्यांनी नाही अशी मान हलवली.

“मलाही तिथेच होतं,” डॉक्टर म्हणाले आणि दाढ ट्रेमध्ये टाकली.

शुक्रवारी गाल सुजला. शनिवारी सकाळी तो इतका सुजला की बसच्या कंडक्टरने त्यांनी न मागता खिडकीची जागा दिली. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन दिवस बोलायचं नाही, हसायचं नाही, तोंडातला बोळा काढायचा नाही. काटेसाहेब खिडकीला दुसरा गाल टेकून बसले होते. महिनाभर घोटवलेली वाक्यं डोक्यात तयार होती. छत्रीचं होतं. गिरणीच्या मैदानाचं होतं. तळ्याकाठचं तर त्यांनी फार सुंदर जुळवलं होतं. मुलगी विचारील, आणि या वेळी ‘आईला देतो’ म्हणायला आईही जवळ नव्हती. वाक्यं होती, मुलगी होती, दोन तिकिटं होती, फक्त तोंड उघडत नव्हतं. इतका मेहनतीने मिळवलेला नाकर्तेपणा दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आला नसेल.

मुलगी स्टँडवर उभी होती. “बाबा, हे काय झालं?”

काटेसाहेबांनी गालाकडे बोट दाखवलं, मग ओठांवर बोट ठेवलं, मग हात हलवून नाही म्हटलं.

“बोलायचं नाही? अजिबात?”

अजिबात.

तिलाही नक्की कळेना काय करावं. मग तिने त्यांची पिशवी घेतली आणि चालता चालता बोलायला लागली. आधी उगीच, रस्त्याबद्दल, गर्दीबद्दल. मग घरमालकिणीच्या मांजरीबद्दल, तिला पिल्लं झाली होती. मग त्या रुसलेल्या मैत्रिणीबद्दल. येत नाहीये म्हणाली होती ती हीच, आणि ती का येत नाहीये ते मुलीने आईलाही नीट सांगितलं नव्हतं. ऑफिसात मन लागत नव्हतं. नोकरी सोडावीशी वाटत होती, पण सोडली तर बाबा काय म्हणतील याची भीती वाटत होती. हे सगळं ती मैदानाच्या रांगेत उभं राहून सांगत होती. काटेसाहेबांजवळ या प्रत्येक गोष्टीवर उपाय होता. नोकरीवर तर तीन होते. बोळ्यामुळे एकही देता आला नाही. त्यांना नुसतं ऐकावं लागलं, आणि ऐकताना त्यांच्या लक्षात आलं की ती थांबतच नाहीये.

कार्यक्रमाला सात वाजेपर्यंतचीच परवानगी होती, म्हणून तो भर दुपारी सुरू झाला. बँडमधले लोक आता म्हातारे झाले होते. ड्रमवाल्याने गुडघ्याला पट्टा बांधला होता. ‘गंज’ सुरू झालं तशी काटेसाहेबांनी खिशातून थांबघड्याळ काढून कळ दाबली. सवय, दुसरं काय. दुसऱ्या कडव्याला मुलगी त्यांच्या कानाशी वाकली.

“बाबा, तुम्ही यातलं काही ऐकलेलं नव्हतं ना?”

काटेसाहेबांनी समोर बघत राहायचं ठरवलं.

“आईने मला त्याच दिवशी संध्याकाळी फोन केला होता. म्हणाली, विचारत राहा, ते काय काय करतात बघू.” ती हसत होती आणि डोळे पुसत होती. “दात मात्र काढायला नको होता हो.”

बोळा नसता तर काटेसाहेबांनी नक्की काहीतरी चुकीचं बोलून टाकलं असतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला. मैदानात लोक गुणगुणायला लागले होते. काटेसाहेबही गुणगुणले. तोंड बंद ठेवून तेवढंच करता येत होतं.

परत येताना बसमध्ये त्यांनी खिशात हात घातला तेव्हा घड्याळ चालूच होतं. गाणं संपलं तेव्हा कळ दाबायची राहूनच गेली होती, ती त्यांनी आता दाबली. त्यात मग बाकीचा कार्यक्रम, मैदानाबाहेरचा चहा (त्यांनी नुसता हातात धरला), मांजरीची पिल्लं बघायला गेले ते, आणि बसला उशीर झाला म्हणून स्टँडवर बसून मुलगी बोलली ते, असं सगळंच आलं. सोमवारी डॉक्टरांनी उत्सुकतेने विचारलं, “गंज किती चाललं?” काटेसाहेबांनी घड्याळ पुढे केलं. “पाच तास बावीस मिनिटं,” डॉक्टरांनी वाचलं, आणि टक्कल कुरवाळत खुर्चीत बसले. त्यांचा विश्वास बसला होता. काटेसाहेबांनी त्यांना खरं सांगितलं नाही. ते तरी मोजमापाचं खोटं नव्हतं.

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी फोन वाजला. मायलेकींचं झालं, बायकोने फोन दिला आणि सवयीने तिथेच हात पुढे करून उभी राहिली. सूज आता उतरली होती.

“हं बाबा. जेवलात?”

“नाही अजून. तू?”

“नाही.”

“तब्येत बरी?”

“बरी आहे.” मुलगी थांबली. “आईला देताय?”

काटेसाहेबांनी बायकोच्या पुढे केलेल्या हाताकडे बघितलं. नोकरीवरचे तीन उपाय जिभेवर आले होते, ते त्यांनी तिथेच ठेवले.

“ती पिल्लं,” ते म्हणाले, “डोळे उघडले का गं त्यांनी?”

पलीकडून मुलगी बोलायला लागली. बायकोने थोडा वेळ वाट पाहिली, मग हात खाली घेतला, आणि वाढून ठेवलेली दोन्ही ताटं झाकून ठेवायला आत गेली.